बिनचरबीचा वाटा

रानातल्या सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. प्रथिनं भरपूर, लोह भरपूर, चरबी नावापुरती. दोह्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर हे मी समोर बसलेल्या माझ्या वडिलांना इतक्यांदा ऐकवलं, की पुढे पुढे माझी सात वर्षांची मुलगीच माझ्या आधी म्हणून टाकायची, "हाय प्रोटीन, हाय आयर्न, नो फॅट, आजोबा!" आबा मान डोलवायचे आणि पुढ्यातला कोरडा तुकडा चावत राहायचे. त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून तर ते मला वापरता आलं.

मी फारसा बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, तुझ्या पोटातलं काढायला जेसीबी लागेल. इतकी वर्षं लागला नाही, कारण कुणी उकरायलाच आलं नाही. आबांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. ते मी इथे लिहितो आहे, जसं झालं तसं.

कतारमध्ये ते स्टेडियम बांधण्याचे दिवस होते. वर्ल्ड कप अजून काही वर्षांवर होता आणि शहर उकरून ठेवलेलं. आम्ही फरीज बिन ओमरानमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचो. जवळच मेट्रोचं खोदकाम. डायव्हर्जन सारखं बदलायचं. काल ज्या वळणाने घरी आलो त्याच वळणावर आज पत्र्याचं कुंपण उभं असायचं. मी एका स्टेडियमच्या थंड पाण्याच्या पाइपलाइनचं प्लॅनिंग बघत होतो. पहाटे निघायचो, दिवेलागणीला परतायचो, कानात वाळू घेऊन.

अशात आबा आले. कराडला त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि थोरल्या भावाचा फोन आला. "थोडं महिनं तिकडं ने त्यास्नी. हितं पथ्य कोण बघणार? त्यांच्यापुढं कुणाचं चालतंय व्हय? तुझ्याकडं एसी हाय, डॉक्टर हाय." मी हो म्हणालो. एअरपोर्टवरून घरी येताना आबा खिडकीला नाक लावून बसले होते. रस्त्याच्या मधोमध लावलेली झाडं बघून म्हणाले, "हितं झाडास्नी सलाईन लावल्यात व्हय रं?" ठिबकच्या काळ्या नळ्या होत्या त्या. मुलगी खिदळली. आजोबा तिला तिथेच आवडले.

बायको नाशिकची. आबांसमोर ती मला 'अहो' म्हणायची, एरवी 'तू'. तिने पहिल्याच दिवशी त्यांना ज्वारीची भाकरी आणि वर तुपाची धार दिली. आबा म्हणाले, "पोरी, तुझ्या हाताला चव हाय." माझ्या आईला हे ते कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आठवड्याभराने मी त्यांना अल सद्दच्या एका दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर मल्याळी, पिकल्या केसांचे, सावकाश इंग्रजी बोलणारे. त्यांनी कराडचे कागद बघितले, आबांना तपासलं आणि मला सांगितलं, की हृदय ठीक आहे. तळलेलं नको. घरचं जेवण सगळं चालेल. भाजीत तेल बेताचं, भाकरी हवी तेवढी, एखादा चमचा तूप खाल्लं तर काही बिघडत नाही. वजन मात्र उतरू देऊ नका, ते या वयात परत येत नाही.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हंतोय?"

"म्हणतायत, तेल बंद. तूप बंद. भाकरी, भात बंद."

"समदं बंद?"

"समदं. मांस चालेल. पण चरबीशिवाय."

"हसत हुता की त्यो."

"त्यांची सवयच आहे तशी."

आबांनी डॉक्टरांना हात जोडले. डॉक्टरांनीही जोडले. बस्स, एवढंच झालं. लिफ्टमधून वर जाताना माझ्या मनात असलं काही नव्हतं. पण खाली उतरताना मला हलकं वाटत होतं, हेही खरं. लिफ्टमध्येच आबा म्हणाले, "मग सशाचं चालंल की. रानातल्या सशाला कुठली आली चरबी? दिसभर पळतंय. साठवायला येळ कुठाय त्याला?"

म्हणजे हत्यार त्यांनीच माझ्या हातात दिलं.

आता हे का, ते सांगायला हवं. कोयनेच्या खोऱ्यात आमची वाडी. सुगी झाली की गाव शिकारीला निघायचं. कायदा तेव्हाही होता, पण तो आमच्या डोंगरावर चढून यायचा नाही. हाका घालून, म्हणजे ओरडून रान उठवून, ससे, भेकर, नशीब असलं तर डुक्कर पडायचं. मग पळसाची पानं मांडून त्यावर वाटे घालायचे. घरटी एक वाटा. ज्याने नुसती आरोळी ठोकली त्यालाही तेवढाच. वाटे घालायचं काम आबांचं, कारण त्यांचा हात चळत नाही असं गाव मानायचं. एकाला पाठ करून बसवायचं. आबा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारणार, "ह्यो कुणाचा?" पाठमोऱ्याने न बघता एका घराचं नाव घ्यायचं. नाव पडलं की वाटा त्याचा, मग त्यात मांडीचा फरा असो की नुसती हाडकं. कुणी तक्रार करायची नाही.

यात आबांचा स्वतःचा एक नियम होता. आमच्या घराचं नाव शेवटी. आणि कितीही जपून वाटे घातले तरी एखादा हलका निघतोच. त्यावर ते शेवटी बोट ठेवायचे. म्हणजे गावातला सगळ्यात वाईट वाटा दर वेळी आमच्या घरी. गाव म्हणायचं, काय माणूस आहे! आम्ही खूर आणि मान चोखायचो.

आईची नखं पांढरी पडली होती. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता, हिच्या अंगात रक्त नाही, मटण द्या, काळीज द्या. विकत आणायची आमची ऐपत नव्हती. त्याच आठवड्यात हाका झाला आणि भेकर पडलं. त्या दिवशी पाठ करून मला बसवलं होतं. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आबा चांगल्या वाट्यावर आधी बोट ठेवतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. काळीज पहिल्याच वाट्यात असणार. मागून आवाज आला, "ह्यो कुणाचा?" आणि मी ओरडलो, "आमचा!"

गाव हसलं. आबा हसले नाहीत. "आपला मागनं," ते म्हणाले. "फिरून सांग." मी मान खाली घातली. मग त्यांनी पाठीत एक गुद्दा घातला आणि पुन्हा विचारलं, "ह्यो कुणाचा?" मी शेजाऱ्याचं नाव घेतलं. संध्याकाळी आईने खुरांचं पाणी उकळलं. पुढे वर्षभरात ती गेली. ती त्या वाट्यामुळे गेली नाही. एका भेकराच्या काळजाने कुणी वाचत नसतं, हे मला इंजिनियर व्हायच्याही आधी कळत होतं. पण कळून उपयोग होतो असं नाही.

ऑफिसात माझ्याबरोबर एक कतारी इंजिनियर होता, शिकारीचा शौकीन. त्या हिवाळ्यात तो परदेशात शिकार करून आला होता. बोलता बोलता मी त्याला आबांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने थर्माकोलच्या डब्यातून गोठवलेला ससा आणला. "फॉर युवर फादर. नो फॅट, व्हेरी गुड फॉर हार्ट. यल्ला, टेक." आबांनी तो डबा उघडला आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. काळपट लाल मांस, जवळजवळ काळजाच्या रंगाचं. "ह्यो खरा," ते म्हणाले. "बघ, गुर्द्यापाशीसुदिक चरबी न्हाई." त्यांनी स्वतः मसाला सांगितला. बायको तेल ओतायला गेली तर मी तिचा हात धरला.

"तेल नाही. डॉक्टर काय म्हणालेत?"

"अहो, चमचाभर तरी. करपेल ते."

"पाण्यात शिजव."

पाण्यात शिजवलेला रानससा दोरीसारखा लागतो. आबांनी खाल्ला, कौतुक करत खाल्ला. आणि मी त्या दिवसापासून सुरू झालो. सुपरमार्केटच्या फ्रीझरमधून ससा आणायचो, लावे आणायचो, हरणाचं मांस मिळालं तर तेही. लावे सोलून, ससा साफ करून, दिसेल तेवढी चरबी सुरीने खरवडून. एक डिजिटल काटा विकत आणला. आबांच्या ताटात जाणारा प्रत्येक तुकडा त्यावर ठेवायचो. सोबत काकडी, पालेभाजी. भाकरी नाही, भात नाही, डाळही नाही, कारण तिला फोडणी लागते. पौष्टिकतेच्या नावाने बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. स्नायूंसाठी प्रथिनं, रक्तासाठी लोह. मी हे समजावून सांगायचो आणि आबा ऐकायचे. शिकलेल्या मुलाचं ऐकायची त्यांना हौस होती.

"काटा कशाला रं?" ते एकदा म्हणाले. "माझं डोळं हायत की."

"तुमचे डोळे घरच्यांना कमी देतात," मी म्हणालो.

बायकोने मान वर केली. आबा पाणी प्यायले. मग म्हणाले, "घरच्यासाठी हात वळला, की मग गाव कुणाकडं बघणार?"

"आणि आईने कुणाकडे बघायचं?"

त्यांनी ताटातला तुकडा उचलला आणि चावायला लागले. त्या मांसाची एक सोय होती. ते चावताना माणसाला बोलता येत नाही.

आबा वाळायला लागले. आधी गाल, मग मनगटं. पोट भरत नाही म्हणायचे. भरपूर मांस खायचे आणि तासाभरात पुन्हा भूक. "खाल्ल्यागत वाटतच न्हाई बघ. तोंड चालतंय, पोटाला कायबी कळत न्हाई." पोटही बिघडायला लागलं. दुपारी गॅलरीत बसून क्रेन बघायचे, पुढे पुढे तिथेच पेंगायचे. मुलगी एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, आजोबा इज श्रिंकिंग." आबांनी विचारलं, "काय म्हंती?" मी सांगितलं, "म्हणतेय, आजोबा तरुण दिसायला लागले." आबा खूष झाले. भाषांतराचा हात बसला होता माझा.

एका शुक्रवारी मी अवेळी उठलो तर स्वयंपाकघरात आबा ओट्याशी उभे, हातात वाटी, आणि बायको त्यात बरणीतलं तूप घालत होती. वाटीत कालची पोळी कुस्करलेली. दोघंही शाळेतल्या पोरांसारखी दचकली.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"तू बघतोयस ना त्यांच्याकडे?" आबांसमोर ती पहिल्यांदाच 'तू' म्हणाली. "हाडं निघालीत. डॉक्टर नक्की हेच म्हणाले?"

"तू होतीस तिथे?"

"नव्हते. म्हणून विचारतेय."

"हेच म्हणाले. अजून एक अटॅक आला तर जबाबदारी तुझी. लिहून देशील?"

तिने बरणीचं झाकण लावलं. मी आबांच्या हातातून वाटी घेतली. त्यांनी बोटं सैल सोडली, लगेच, लहान मुलंसुद्धा जरा धरून ठेवतात. "तिला बोलू नगंस," ते म्हणाले. "मीच मागितलं." वाटी मी सिंकमध्ये पालथी केली आणि वरून गरम पाणी सोडलं. तुपाचा वास दिवसभर घरात होता.

त्यानंतरची गोष्ट मला सगळ्यात अवघड जाते. वाटी ओतली तेव्हा मी रागात होतो. रागाच्या भरात झालं, असं तरी म्हणता येतं. पण त्याच्या पुढच्या आठवड्यात, डायव्हर्जनमध्ये गाडी अडकलेली असताना, मी फोनवर वाचत होतो. बिनचरबीच्या मांसाचे आणखी काही फायदे मिळतात का ते शोधत होतो, आबांना ऐकवायला. तर एके ठिकाणी लिहिलं होतं, की थंड मुलुखातले शिकारी कडाक्याच्या हिवाळ्यात नुसत्या सशांवर राहिले तर खात असतानाच उपाशी राहायचे. चरबी नाही, पीठ नाही, नुसतं प्रथिन. शरीराला ते एका मर्यादेपलीकडे पेलवत नाही. आधी भूक भागेनाशी होते, मग पोट बिघडतं, मग अंगातली ताकद जाते. माणूस चरबीसाठी वेडापिसा होतो.

एकेक लक्षण मी वाचलं. आबांचंच वर्णन होतं. मागून हॉर्न वाजला, मी गाडी दोन हात पुढे घेतली आणि पुन्हा वाचलं. मग फोन बंद केला, वाटेत सुपरमार्केटला थांबलो आणि ससा घेतला.

म्हणजे मला माहीत होतं. इथून पुढे जे झालं ते सगळं माहीत असताना झालं.

मुलीने आजोबांकडून वाट्यांची गोष्ट ऐकली होती आणि तिला तो खेळ खेळायचा होता. रोज हट्ट. आबांच्या व्हिसाची मुदत आम्ही वाढवून घेतली होती, तीही संपत आली होती. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी मुऐदरच्या बाजारातून ताजा कापलेला अख्खा ससा आणला. आबांनी मोरीत स्टूल घेतलं, पुढ्यात लाकडी फळी घेतली. हात थरथरत होते, पण सुरी सांध्यावर बरोबर बसत होती. पोट उघडलं आणि ते थांबले. गुर्द्यांभोवती पांढऱ्या चरबीचे दोन जाड गोळे होते.

"पाळीव हाय," ते म्हणाले. "पिंजऱ्यातला. ह्यानं कवा उडीच मारली न्हाई." असं म्हणताना त्यांनी अंगठ्याने तो गोळा दाबून बघितला. अंगठा तिथेच राहिला. मी दारात उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी आवंढा गिळला.

पळसाची पानं कुठली, चार कागदी प्लेट मांडल्या. आबांनी वाटे घातले. चरबीचे दोन्ही गोळे एकाच प्लेटमध्ये गेले. मी ते जाऊ दिले. मला बघायचं होतं. मुलगी पाठ करून बसली, डोळ्यांवर हात ठेवून, हसू दाबत. तिला नियम पाठ होता: आजोबांचं नाव सगळ्यात शेवटी.

"ह्यो कुणाचा?"

"मम्मा!"

आबांनी दुसऱ्या प्लेटवर बोट ठेवलं. चरबीची प्लेट. "ह्यो," ते म्हणाले, आणि खाकरले, "कुणाचा?"

"आजोबा!" मुलगी ओरडली आणि खुदकन हसली, एखादं गुपित सांभाळल्यासारखी.

सबंध आयुष्यात या माणसाने वाट्यात हातचलाखी केली नव्हती. एका काळजाच्या तुकड्यासाठी नाही, मरत्या बायकोसाठी नाही. आता सात वर्षांच्या नातीला खाकरण्याची खूण शिकवून, ठरवून, चरबीच्या दोन गोळ्यांसाठी त्यांनी ती केली होती. ती त्यांच्याकडून मी करवून घेतली होती. मी ते वाचलेलं होतं: माणूस वेडापिसा होतो.

तिथे गप्प बसता आलं असतं. घरात मी एरवी गप्पच असतो.

"आबा, खाकरलात."

"घसा बसलाय रं."

"आपला मागनं असतो ना? दुसऱ्यातच नाव आलं तुमचं."

"अहो, पुरे," बायको म्हणाली. "खेळ आहे मुलीचा."

"खेळ नाही हा. विचार त्यांना." मी आबांच्या समोर उकिडवा बसलो, म्हणजे त्यांना दुसरीकडे बघायला जागा उरू नये. "आईसाठी तुमचा घसा कधी बसला नाही, आबा."

मुलीने डोळ्यांवरचे हात काढले होते. ती एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. आबांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो आला नाही. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा होता तो, बाजारात पकडतात तसा. मग त्यांनी चारही प्लेटमधलं मांस फळीवर एकत्र ओतलं आणि दोन्ही हातांनी कालवलं. वाटण्यात खोट निघाली की गावात असंच करायचे. "मोडलं वाटं," ते म्हणाले. हात धुतले, पुसले नाहीत, आणि ओल्या हातांनी भिंत धरत खोलीत गेले.

मी चरबीचे गोळे वेचून काढले, पिशवीत बांधले आणि कचऱ्यात टाकले. आबांच्या खोलीचं दार उघडं होतं. मी ते उघडंच ठेवलं, त्यांना दिसावं म्हणून.

संध्याकाळी ते म्हणाले, "तिकीट काढ." मी काढलं. त्यांना पोचवायला बायको गेली. मला साइटवर काम होतं. खरोखरच होतं, पण रजा मिळाली असती. निघताना त्यांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडायला लागली. "आय ओन्ली सेड व्हॉट ही टोल्ड मी टु से," ती मला म्हणाली. "इज ही गोइंग बिकॉज ऑफ मी?" मी म्हणालो, "शाळेची बस येईल, बूट घाल."

पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. भावाचा फोन आला तेव्हा मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. "वाळून गेलं हुतं रं," भाऊ म्हणाला. "तिकडनं आलं ते वाळूनच आलं. आन् हितं आल्याव तूप-भाकरी म्होरं ठेवली तर हात लावायचं न्हाईत. म्हणायचं, डॉक्टर नगं म्हणालाय. पोरानं सोता इचारलंय. शेवटपातूर तुझ्या शबुदाभायेर गेलं न्हाईत बघ."

मी विचारलं, "मग काय खायचे?"

"कोंबडीचं उकडल्यालं. चरबी काढून. त्यांचं तेच काढायचं, बोटानं."

"डॉक्टरांचं पथ्य होतं," मी म्हणालो.

"व्हय, ते बरूबर हाय," भाऊ म्हणाला. "तू लई केलंस त्यांच्यासाठी."

तिथल्या डॉक्टरांनी कारण हृदयाचं सांगितलं. असेलही. सशांमुळेच गेले असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आईच्या बाबतीत सांगू शकत नाही तसंच. फरक एवढाच, की आबांनी आईला उपाशी ठेवलं तेव्हा ते गावाला घालत होते. मी कुणाला घालत होतो?

मेट्रो झाली, कुंपणं निघाली, रस्ते सरळ झाले. वर्ल्ड कप होऊन गेला. आम्ही आता अल सद्दला राहतो, त्या दवाखान्यापासून जवळच. मुलगी कॉलेजात आहे. ती सशाचंच काय, कुठलंच मांस खात नाही. मित्रमैत्रिणींना ती कारण सांगते प्राण्यांचं. पण गेल्या वर्षी एकदा, गाडीत आम्ही दोघंच असताना, रस्त्याकडे बघत म्हणाली, "बाबा, दॅट डे, इफ आय हॅड सेड युवर नेम इन्स्टेड, वुड ही हॅव स्टेड?"

इतकी वर्षं ते ती घेऊन फिरत होती. तिला वाटतं आजोबा तिच्यामुळे गेले. मी "छे" म्हणालो. नुसतं छे. तिने मान हलवली, आणि तिला ते पटलं नाही, हे मला दिसलं. पटेल कसं? पटवायचं तर दवाखान्यात डॉक्टर काय म्हणाले ते सांगावं लागतं.

म्हणून हे लिहायला बसलो. काही आठवडे लागले. लिहून झाल्यावर लक्षात आलं, की मुलीला मराठी समजतं पण वाचता येत नाही. म्हणजे लक्षात आलं असं नाही. सुरुवात केली तेव्हाही ते माहीत होतंच.

परवा दुपारी मी हे कागद बायकोच्या हातात दिले आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ती वाचत होती. पान उलटल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ यायचा नाही. दवाखान्याच्या पानावर ती सगळ्यात जास्त थांबली असणार. शेवटी ती दाराशी आली. रडली नव्हती. मला वाटलं होतं, ओरडेल.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "ओट्याशी उभी राहून विचारलं होतं."

"हो."

"जबाबदारी माझी म्हणालास. लिहून देशील का म्हणालास."

"हो."

तिने कागद सारखे केले, कडा जुळवल्या आणि माझ्या हातात परत दिले.

"संध्याकाळी लेक घरी येतेय. तिला वाचून दाखव. इंग्रजीत करून सांग, तुला भाषांतर चांगलं जमतं." मग आत वळता वळता म्हणाली, "या वेळी मी शेजारी बसणार आहे."